दर्यावरचा कौल : कान्होजी आंग्रे आणि कुलाब्यावरची चाल

डिसेंबर १७२१. मुंबईचे इंग्रज आणि गोव्याचे पोर्तुगीज, एरवी एकमेकांच्या वाऱ्यालाही उभे न राहणारे, कुलाब्याच्या कोटासाठी एकत्र आले होते. चौलच्या बाजूनं सहा हजारांच्या आसपास फौज अलिबागकडे सरकत होती. समुद्रात इंग्लंडच्या राजाच्या आरमारातली चार लढाऊ जहाजं होती, शिवाय कंपनीची आणि पोर्तुगीजांची वेगळी. गोव्याचा व्हाइसरॉय फ्रान्सिस्को जुझे द साम्पायु ई कास्त्रु जातीनं मोहिमेवर आला होता. राजाच्या जहाजांचा प्रमुख कमोडोर थॉमस मॅथ्यूज; मादागास्कर आणि हिंदुस्थानच्या किनाऱ्यावरच्या चाच्यांचा बंदोबस्त करायला त्याला थेट लंडनहून धाडलं होतं. दोन राष्ट्रांनी एवढी जुळवाजुळव केली होती ती एका मराठी सरदाराला त्याच्या घरात गाठण्यासाठी. त्याचं नाव कान्होजी आंग्रे.

इंग्रज आणि पोर्तुगीज या दोघांच्याही कागदांत कान्होजी हा चाचा आहे. शाहू महाराजांच्या दरबारात तो सरखेल होता, मराठी आरमाराचा मुखत्यार, ‘वजारतमाब’ असा किताब धारण करणारा. एकाच माणसाबद्दल इतक्या टोकाच्या दोन नोंदी का झाल्या, हे समजून घ्यायचं तर त्याच्या स्वभावात शिरण्याचं कारण नाही. तंटा एका कागदावरून होता. या किनाऱ्यावरून गलबत न्यायचं तर परवाना कुणाचा घ्यायचा, आणि तो घेतला नाही तर माल जप्त करायचा हक्क कुणाला? कोकणच्या पाण्यात जे रक्त सांडलं, ते या प्रश्नापायी.

हा प्रश्न किनाऱ्यावर आणला पोर्तुगीजांनी. ते येण्याआधी अरब, गुजराती, मलबारी व्यापारी बंदरात जकात भरत. भर समुद्रातून जाण्यासाठी कुणाची चिठ्ठी लागत नसे. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला पोर्तुगीजांनी जाहीर केलं की हा समुद्र आमच्या राजाचा आहे, आणि आमचा ‘कार्ताज’ घेतल्याशिवाय कुणी त्यावरून जाऊ नये. कार्ताजवर जहाजाचं नाव, नाखव्याचं नाव, जहाज केवढं, त्यावर हत्यारं किती, कुठून कुठे जाणार, सगळं लिहिलेलं असे. मिरी, दारूगोळा असला माल नेता येत नसे. वाटेत पोर्तुगीज बंदरात थांबून जकात भरावी लागे. कार्ताज नसलेलं जहाज सापडलं की ते मालासकट जप्त. खुद्द मोगल बादशहाच्या हजयात्रेच्या जहाजांनाही हा कागद घ्यावा लागे. अलिबागपासून सतरा-अठरा किलोमीटरवर रेवदंड्याला आणि खाडीपलीकडे कोर्लईला आजही जे पोर्तुगीज तट उभे आहेत, ते या हुकमाच्या वसुलीची ठाणी होती.

कोणत्याही कायद्यानं हा हक्क पोर्तुगीजांना दिलेला नव्हता. तोफा होत्या म्हणून तो होता. पुढे डच आले, इंग्रज आले, आणि त्यांनीही आपापले परवाने छापायला सुरुवात केली. मराठ्यांनी आरमार उभारलं तेव्हा या खेळाचे नियम दीडशे वर्षांपूर्वीच ठरून गेलेले होते.

शिवाजी महाराजांनी १६७९ मध्ये खांदेरीवर बांधकाम सुरू केलं तेव्हा इंग्रजांचा जीव खालीवर झाला, त्याचं कारण नकाशावर एकदा नजर टाकली की कळतं. खांदेरी हे थळच्या समोरचं छोटं बेट. मुंबईच्या बंदरातून दक्षिणेला निघालेलं प्रत्येक जहाज त्याच्या नजरेच्या टप्प्यातून जातं. इंग्रजांनी आणि जंजिऱ्याच्या सिद्दीनं बेट घ्यायचा जिवापाड प्रयत्न केला. दौलतखान आणि मायनाक भंडारी यांच्या माणसांनी होड्यांतून दगड आणि रसद पोचवत ते टिकवलं. सिद्दीनं मग शेजारच्या उंदेरीवर आपला कोट बांधला. दुसऱ्याच वर्षी, १६८० मध्ये, महाराजांनी अलिबागसमोरच्या खडकावर कुलाब्याचा कोट बांधायचा हुकूम दिला. तो पुरा झाला संभाजी महाराजांच्या कारकिर्दीत.

आरमारानं समुद्रात कसं वागावं याचेही नियम मराठ्यांनी लिहून ठेवले आहेत. रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त, म्हणजे साधारण १७१५ च्या सुमारास, आरमारावर स्वतंत्र प्रकरण आहे. त्यात स्पष्ट बजावलं आहे की ज्या सावकाराच्या तरांड्याजवळ, म्हणजे जहाजाजवळ, आपला कौल म्हणजे परवाना आहे त्याच्या वाटेला जाऊ नये, उलट त्याला लागेल ती मदत करावी. शत्रूच्या मुलखातलं, कौल नसलेलं तरांडं सापडलं तर ते धरून आपल्या किल्ल्याखाली आणावं, पण त्यातल्या मालाला कुणी हात लावू नये. हुजुरास कळवावं आणि तिकडून येईल त्या हुकमाप्रमाणे करावं. त्याच प्रकरणात गलबतांच्या लाकडासंबंधी जे लिहिलं आहे ते मला फार मोलाचं वाटतं. रयतेचे आंबे-फणस जबरदस्तीनं तोडू नयेत. झाड जुनं झालं असेल तर धन्याला राजी करून, मोल देऊन मग तोडावं. ज्या राज्याला आरमारासाठी लाकूड घेतानासुद्धा कुणब्याच्या परसातल्या झाडाची पर्वा होती, त्याच्या आरमाराला लुटारूंची टोळी म्हणणं हा अज्ञानाचा भाग आहे किंवा सोयीचा.

तसं पाहिलं तर खरी चाचेगिरी त्या काळात याच समुद्रात चालली होती, आणि करणारे कोण होते तेही नोंदलेलं आहे. सप्टेंबर १६९५ मध्ये हेन्री एव्हरी या इंग्रज चाच्यानं मक्केहून सुरतेला परतणारं औरंगजेबाचं ‘गंज-इ-सवाई’ हे जहाज लुटलं. जहाजावर हाजी होते, बायका होत्या. खाफीखानानं लुटीचा आकडा बावन्न लाख रुपये दिला आहे. बायकांची विटंबना झाली. काहींनी समुद्रात उड्या घेतल्या. सुरतेत लोक खवळले. मोगल अंमलदारांनी वखारीतल्या इंग्रजांना बेड्या घालून कोंडलं. कंपनीनं कानावर हात ठेवले. लंडनमध्ये एव्हरीच्या काही साथीदारांना पकडून खटला चालला तेव्हा पहिल्या खटल्यात ज्यूरीनं त्यांना निर्दोष सोडलं. बादशहाला तोंड दाखवायचं म्हणून दुसरा खटला भरावा लागला, तोही त्यांनी मुळात स्वतःचंच इंग्रजी जहाज पळवलं या आरोपाखाली. पाच जण फासावर गेले. एव्हरी कधीच सापडला नाही.

विल्यम किडची गोष्ट आणखी बोलकी आहे. इंग्लंडच्या राजाची सनद घेऊन तो चाचे धरायला आणि फ्रेंच जहाजं पकडायला निघाला होता. अशा सनदी युरोपातले राजे खासगी जहाजांना सर्रास देत. शत्रूचं जहाज धरा, लुटीतला ठरलेला वाटा सरकारात भरा, तुम्ही कायदेशीर. १६९८ च्या सुरुवातीला किडनं मलबारच्या किनाऱ्यावर ‘क्वेडा मर्चंट’ हे मालानं भरलेलं जहाज पकडलं. त्यावर आर्मेनियन सावकारांचा माल होता, मोगल दरबारातल्या बड्या माणसाचाही होता, आणि परवाना फ्रेंचांचा होता. किडच्या हिशेबानं लूट रीतसर होती. पण औरंगजेबाला शांत करणं कंपनीला भाग होतं. किडला पकडून लंडनला नेलं आणि मे १७०१ मध्ये फाशी दिली. ज्या फ्रेंच परवान्यांवर त्याचा बचाव उभा होता ते खटल्यात पुढे आलेच नाहीत. विसाव्या शतकात ते लंडनच्याच दप्तरखान्यात सापडले. एक कागद हाताशी असला तर सरकारी शिलेदार, नसला तर चाचा, हा त्या काळच्या समुद्राचा न्याय होता.

कान्होजींची चढती कमान याच वर्षांतली. राजाराम महाराज जिंजीत असताना, औरंगजेबाच्या फौजा देशावर धुमाकूळ घालत असताना, कोकणचा किनारा राखायचं काम सिधोजी गुजरांकडे होतं. त्यांच्यामागे, १६९८ च्या सुमारास, आरमाराची सूत्रं कान्होजींच्या हाती आली. मूळ घराणं संकपाळांचं, पुण्याजवळच्या अंगरवाडीचं; त्यावरून आंग्रे. सावंतवाडीच्या हद्दीपासून मुंबईच्या तोंडापर्यंत त्यांनी किनारा बांधून काढला. कोळी, भंडारी, गाबीत, खारवी, दालदी अशा दर्यावर्दी जातींची माणसं त्यांच्या गलबतांवर होती. या माणसांची नावं कोणत्याच दप्तरात फारशी उतरली नाहीत, पण आंग्र्यांचं आरमार म्हणजे मुख्यतः हीच माणसं.

त्यांची लढण्याची तऱ्हा इंग्रज इतिहासकार रॉबर्ट ऑर्म यानं बारकाईनं लिहून ठेवली आहे. गुराब हे मोठं जहाज, दोन किंवा तीन डोलकाठ्यांचं, दीडशेपासून तीनशे टनांपर्यंतचं. तिची नाळ लांब, पाण्यावर पुढे झेपावलेली, आणि नाळेतून सरळ पुढे मारणाऱ्या दोन जड तोफा. गलबत त्याहून लहान, सत्तर टनांच्या आतलं, पण चाळीस-पन्नास वल्ह्यांचं. वारा पडला की युरोपीय जहाज जागच्या जागी खिळे. तेव्हा गलबतं वल्ह्यांनी सुटत, गुराबांना दोर बांधून ओढून आणत आणि शत्रूच्या पिछाडीला उभी करत, कारण मोठ्या जहाजाच्या तोफा दोन्ही बगलांना असतात, मागे फार थोड्या. पहिला मारा डोलकाठ्यांवर आणि शिडांवर. जहाज पांगळं झालं की गलबतांतून माणसं तलवारी घेऊन चारी बाजूंनी वर चढत. गुराबेचा तळ उथळ असल्यानं पाठलाग झालाच तर खाडीत शिरता येई, जिथे इंग्रजांचं जड जहाज वाळूत रुतलं असतं. कोकणच्या खाड्या, इथला वारा आणि इथली भरती-ओहोटी जाणणाऱ्यांनीच ही पद्धत घडवली.

इंग्रजांशी पहिली मोठी ठिणगी पडली नोव्हेंबर १७१२ मध्ये. मुंबईच्या गव्हर्नराची सशस्त्र नौका आणि तिच्याबरोबरचं कारवारला निघालेलं एक जहाज आंग्र्यांच्या गुराबांनी गाठलं. कारवारच्या वखारीचा नवा मुख्य थॉमस चाउन तोफेचा गोळा लागून हात तुटून मेला. त्याची तरुण बायको कॅथरीन कैद झाली. दिवस गेलेली ती बाई काही महिने कुलाब्यात अडकून पडली आणि तीस हजार रुपये खंडणी पोचल्यावर सुटली. या बाईचे हाल झाले हे खरं आहे, आणि कान्होजींचा पक्ष घेताना ते झाकून ठेवणं मला मान्य नाही. माणसं धरून खंडणी घेणं ही त्या युद्धाची रीत होती, आणि ती क्रूर होती.

१७१३ मध्ये तह झाला. तेव्हा कान्होजींना इंग्रजांशी शांतता हवी होती, कारण देशावर वेगळंच वादळ उठलं होतं. ते शाहू महाराजांच्या विरोधातल्या ताराबाईंच्या पक्षाचे. शाहू महाराजांनी त्यांच्यावर पेशवे बहिरोपंत पिंगळ्यांना पाठवलं, तर कान्होजींनी पेशव्यांनाच कैद केलं. हा गुंता शाहू महाराजांच्या बाजूनं बाळाजी विश्वनाथांनी सोडवला. ते आणि कान्होजी दोघेही कोकणाशी बांधलेले, जुने परिचयाचे. कान्होजी शाहू महाराजांच्या बाजूला आले. सरखेली कायम झाली, खांदेरी, कुलाबा, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग धरून दहा किल्ले आणि सोळा लहान ठाणी त्यांच्याकडे राहिली. तेव्हापासून कान्होजींचा कौल हा छत्रपतींच्या अधिकारातला कौल झाला. चाचेपणाचा आरोप तपासताना हीच गोष्ट निर्णायक आहे, आणि इंग्रजी पुस्तकांत तिच्यावर फार तर एखादा परिच्छेद खर्ची पडतो.

इंग्रजांशी झालेल्या तहात एक कलम होतं : कंपनीच्या जहाजांना आंग्रे हात लावणार नाहीत, उलट इंग्रजांनी आपलं निशाण इंग्रज व्यापाऱ्यांच्या जहाजांखेरीज कुणाला लावू द्यायचं नाही. पुढचा सगळा कलह या एका कलमातून उगवला. मुंबईचे देशी सावकार कंपनीचा परवाना घेऊन, इंग्रजी निशाण लावून आपला माल पाठवू लागले, म्हणजे आंग्र्यांची दस्तक, त्यांचा कौल, चुकवायची सोय झाली. कान्होजी म्हणत, ही जहाजं कंपनीची नाहीत, यांनी आमचा कौल घेतला पाहिजे. इंग्रज म्हणत, आमच्या निशाणाखाली आहेत ती आमची. कंपनी ही कागदोपत्री व्यापारी, पण परवाने वाटताना राजा. हा दुटप्पीपणा कान्होजींनी नेमका ओळखला होता.

१७१५ च्या अखेरीस चार्ल्स बून मुंबईचा गव्हर्नर झाला आणि त्यानं आंग्र्यांचा निकाल लावायचा विडा उचलला. मुंबईभोवती तट पुरा केला, नवी लढाऊ जहाजं बांधली. १७१७ मध्ये विजयदुर्गावर हल्ला झाला, फसला. १७१८ मध्ये खांदेरीवर झाला, फसला. १७२० मध्ये पुन्हा विजयदुर्ग. या वेळी ‘फ्राम’ नावाची तरंगती तोफखान्याची तराफी मुद्दाम बांधून नेली होती, तिचाही काही उपयोग झाला नाही. इंग्रज किल्ल्याच्या तटापाशी येऊन परत फिरत. शेवटी बूननं लंडनकडे मदत मागितली आणि गोव्याशी करार केला. ऑगस्ट १७२१ मध्ये तो ठरला. म्हणून डिसेंबरात मॅथ्यूज, व्हाइसरॉय आणि सहा हजारांची फौज अलिबागच्या परिसरात होती.

कुलाब्याची जागा नीट लक्षात घेतली पाहिजे. सुकतीला अलिबागच्या वाळूवरून चालत कोटाच्या दरवाजापर्यंत जाता येतं. भरतीला कोटाभोवती पाणीच पाणी. ही अदलाबदल दर सहा तासांनी होते, म्हणून पायदळाची चाल घड्याळाशी बांधलेली. वेळ चुकली की माघारीची वाटही बंद. तट प्रचंड दगडांचे, आणि समुद्राच्या बाजूला ते चुन्याशिवाय नुसते एकमेकांवर रचलेले. पावसाळ्यातली लाट आपटली की पाणी फटींतून आत-बाहेर होतं आणि तटावरचा जोर कमी होतो. चुन्यानं बंद केलेली भिंत अशा माऱ्यापुढे फुटली असती. आत गोड्या पाण्याची सोय आहे. उत्तरेला सर्जेकोट हा छोटा पाठीराखा कोट. एवढ्या लहानशा जागेत वेढा सोसण्याचं सगळं सामान होतं.

बेत असा होता की इंग्रजांनी तटावर चढाई करायची आणि पोर्तुगीजांनी मैदानात मराठी घोडदळाला थोपवून धरायचं. शाहू महाराजांनी सरखेलांना एकटं सोडलं नव्हतं. पिलाजी जाधवांच्या हाताखालचे स्वार मदतीला आले होते. चढाईच्या आधीच मॅथ्यूज टेहळणी करताना एका स्वाराच्या तावडीत सापडला. स्वारानं त्याच्या मांडीत भाला खुपसला. कमोडोरनं चिडून घोडा त्याच्यामागे घातला, पिस्तुलं रोखली, चाप ओढला, तर ती भरायचीच राहिली होती. स्वार निघून गेला. त्या स्वाराचं नाव कुणी लिहून ठेवलं नाही.

इंग्रजांच्या नोंदींप्रमाणे २४ डिसेंबरला चढाई झाली. रॉबर्ट कोवन, जो पुढे मुंबईचा गव्हर्नर झाला, इंग्रज पायदळाचा प्रमुख होता. खलाशांनी शिड्या नेल्या, तटाखाली झटापट जोरात झाली. तेवढ्यात मराठी स्वार पोर्तुगीजांच्या अंगावर आले आणि पोर्तुगीजांची फळी मोडली. ते पळताना पाहून इंग्रजांचीही पाठ उघडी पडली. तोफा आणि दारूगोळा मागे टाकून सगळे छावणीकडे धावले. व्हाइसरॉय आजारी म्हणून जहाजावर होता. मॅथ्यूजचा संताप इतका अनावर झाला की त्यानं पोर्तुगीजांच्या उत्तरेकडच्या मुलखाच्या जनरलच्या तोंडात हातातली काठी खुपसली, आणि व्हाइसरॉयशीही जवळपास तसंच वागला. दोस्तीचा शेवट तिथेच झाला. जानेवारी १७२२ मध्ये पोर्तुगीजांनी मराठ्यांशी परस्पर तह केला, तोही अलिबागच्या शिवेवर वरसोलीला. इंग्रज एकटे पडले आणि मुंबईला परतले.

चाचे मारायला आलेल्या या मॅथ्यूजवर इंग्लंडात परतल्यावर लष्करी न्यायालयात खटला चालला. आरोप होता राजाची जहाजं खासगी व्यापारासाठी वापरल्याचा, आणि तो सिद्ध झाला.

बूनच्या पाठोपाठ आलेला गव्हर्नर विल्यम फिप्स आणि कान्होजी यांच्यात १७२४ मध्ये जो पत्रव्यवहार झाला तो मला या सगळ्या इतिहासाचा गाभा वाटतो. फिप्सनं लिहिलं की तुमचं राज्य लुटीवर आणि चाचेगिरीवर उभं आहे. कान्होजींनी उत्तर दिलं : दुसऱ्याचं आपलं करावं ही हाव व्यापाऱ्यांनाही सुटलेली नाही, जगाची रीतच ती, देव एकाचं घेऊन दुसऱ्याला देतो, त्यात योग्य-अयोग्य कोण ठरवणार? शिवाजी महाराजांनी चार पातशाह्यांशी लढून हे राज्य स्थापलं, तेव्हा आमचा कारभार जुलमावर चालतो असं म्हणणं व्यापाऱ्यांना शोभत नाही. या उत्तरात कान्होजींनी आपण लुटतच नाही असा दावा केलेला नाही. एका राज्याचा अधिकारी दुसऱ्याशी बोलतो तसं ते बोलतात आणि समोरच्याला त्याची जागा दाखवतात : तुम्ही व्यापारी आहात.

१७२९ मध्ये कान्होजी वारले, आणि जे इंग्रज-पोर्तुगीजांना जमलं नाही ते भाऊबंदकीनं केलं. थोरले चिरंजीव सेखोजी चार वर्षांत गेले. मग धाकटे चिरंजीव संभाजी आणि मानाजी यांच्यात दौलत फाटली; मानाजी कुलाब्याला, संभाजी सुवर्णदुर्गाला. संभाजींनी १७३५ मध्ये ‘डर्बी’ हे लंडनहून खजिना घेऊन आलेलं मोठं जहाज पकडलं, त्यानं कंपनी हादरली, पण घराण्याची एकी गेली ती गेलीच. संभाजींनंतर आलेले तुळाजी लढवय्ये होते. १७५४ मध्ये त्यांनी डचांच्या तीन जहाजांचा ताफा नेस्तनाबूत केला. पण ते पेशव्यांना जुमानीनात, आणि कौल असलेल्या गलबतांचीही त्यांच्या काळात खात्री राहिली नाही. तुळाजींचा हा दोष मोठा आहे. कौलावरचा विश्वास हीच आंग्र्यांच्या हक्काची मुळी होती, आणि ती त्यांनी स्वतः तोडली.

नानासाहेब पेशव्यांनी त्यावर काढलेला उपाय मात्र रोगापेक्षा भयंकर निघाला. मार्च १७५५ मध्ये त्यांचे कोकणातले सुभेदार रामाजी महादेव यांनी मुंबईच्या इंग्रजांशी तुळाजींविरुद्ध करार केला. एप्रिलमध्ये सुवर्णदुर्ग पडला. फेब्रुवारी १७५६ मध्ये अॅडमिरल वॉटसन आणि कर्नल रॉबर्ट क्लाइव्ह विजयदुर्गावर आले. निघण्यापूर्वी मुंबईत बसून त्यांनी लुटीचे वाटे कुणाला किती हे ठरवून घेतलं होतं. तुळाजींनी कंपनीचं ‘रिस्टोरेशन’ नावाचं जहाज काही वर्षांपूर्वी पकडलं होतं, ते बंदरात उभं होतं; इंग्रजांचा एक कुलपी गोळा त्यावर पडला, ते पेटलं, आणि दोरांनी एकमेकांना बांधलेल्या गुराबा एकामागून एक जळत गेल्या. कान्होजींनी आयुष्यभर उभारलेलं आरमार एका दुपारी संपलं. किल्ल्यात सापडलेले सुमारे दहा लाख रुपये इंग्रजांनी आपसात वाटून घेतले. पेशव्यांना त्यातला पैसाही मिळाला नाही. तुळाजी पेशव्यांच्या कैदेत मेले. विजयदुर्ग परत मिळवण्यासाठी बाणकोट इंग्रजांना द्यावा लागला. तेच वॉटसन आणि क्लाइव्ह त्याच वर्षी बंगालकडे निघाले, आणि पुढच्या जूनमध्ये प्लासी झाली.

सुवर्णदुर्ग घेणाऱ्या विल्यम जेम्सच्या विधवेनं लंडनमध्ये १७८४ साली नवऱ्याच्या स्मरणार्थ मनोरा बांधला. त्याला ‘सेव्हर्नड्रुग’ म्हणतात. आपला सुवर्णदुर्गच तो. मनोरा आजही उभा आहे.

अलिबागची आंग्र्यांची गादी विजयदुर्ग पडल्यावरही ऐंशीहून अधिक वर्षं चालली. स्वतःचा अलिबागी रुपया होता, कुलाब्यात १७५९ मध्ये राघोजींनी बांधलेलं गणपतीचं सुंदर मंदिर होतं, पण दर्यावरचा हुकूम राहिला नाही. १८३८ च्या अखेरीस दुसरे राघोजी वारले. त्यांच्यामागे जन्मलेला मुलगा, ज्याचं नाव पुन्हा कान्होजी ठेवलं होतं, काही महिन्यांत गेला. दत्तकाला कंपनीनं नकार दिला आणि १८४० मध्ये संस्थान खालसा केलं.

गोरे लेखक या सगळ्या कहाणीला मलबारचे चाचे या मथळ्याखाली मांडत आले. कर्नल बिडल्फचं १९०७ चं पुस्तक त्याच नावाचं आहे. त्यांच्या हाताशी कंपनीची इनवर्ड-औटवर्ड, कप्तानांच्या रोजनिश्या, गोव्याची दप्तरं होती. आपल्याकडे अलिबागच्या दा. गो. ढबूंनी १९३९ मध्ये ‘कुलाबकर आंग्रे सरखेल’ लिहून मराठी बाजू मांडली. मनोहर माळगावकरांचं इंग्रजी चरित्र पु. ल. देशपांड्यांनी मराठीत आणलं. १९५१ मध्ये भारतीय नौदलानं मुंबईतल्या आपल्या तळाला ‘आंग्रे’ नाव दिलं, आणि २०२५ मध्ये युनेस्कोनं मराठा लष्करी स्थापत्याचे जे बारा किल्ले जागतिक वारशात घेतले त्यात खांदेरी आहे. सन्मान झाला, हे चांगलंच. पण कान्होजींच्या कौलाचा दर काय होता, तो कोणत्या बंदरात कोण लिहून देत असे, सावकारांशी हिशेब कसा चाले, पकडलेल्या मालाची नोंद कशी ठेवत, गुराबेवरच्या भंडाऱ्याला महिना काय मिळे, यावर लिहायचं तर इंग्रजांचे कागद पुरत नाहीत. मोडीतले कागद लागतात.

असे कागद अलिबागच्या आसपास, अष्टागरात, अजून घरोघरी असण्याची शक्यता आहे. किहीम, थळ, वरसोली, अक्षी, नागाव, चौल, रेवदंडा या गावांत ज्या घराण्यांकडे आंग्र्यांच्या वेळची इनामं, वतनं, गलबतं किंवा देवस्थानांची चाकरी होती, त्यांच्या माळ्यावर जुने रुमाल, वह्या, सनदा पडलेल्या असतील. वाचता येत नाही म्हणून त्या टाकून देऊ नका, रद्दीत घालू नका. त्यांची छायाचित्रं काढून पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या संस्थेला किंवा मोडी जाणणाऱ्या अभ्यासकाला दाखवा. आंग्र्यांच्या दस्तकेचा एखादा अस्सल कागद हाती लागला, तर कान्होजींच्या बाजूनं तोच पहिला साक्षीदार ठरेल.